नाशिक रस्त्यावर आलेले जग

पहाटे साडेपाचला चाकणच्या तळेगाव चौकात उभे राहिले की पहिल्या पाळीच्या बसगाड्या लागलेल्या दिसतात. काचेवर कंपनीच्या नावाची पाटी. गळ्यात ओळखपत्र, पायांत सेफ्टी शूज आणि पिशवीत डबा घेतलेली पोरे गाडी धरायला पळत असतात. कुणी खेडचा, कुणी जुन्नरचा, कुणी परभणी-नांदेडकडून आलेला, कुणी बिहार-ओडिशातला. तासाभरात ही सगळी पोरे निघोजे, कुरुळी, खराबवाडी, महाळुंगे, सावरदरी, खालुंब्रे अशा गावांच्या शिवारात उभ्या राहिलेल्या कारखान्यांत पोचतात आणि कामाला लागताच परदेशी शब्द बोलू लागतात. ‘काइझेन भरला का?’, ‘तिथं पोका-योके बसवा’, ‘साहेब गेम्बाला आलेत’, ‘कानबान कार्ड कुठंय?’ काइझेन म्हणजे कामातली सततची छोटी सुधारणा, गेम्बा म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा, कानबान म्हणजे माल मागवायचे कार्ड. भिंतीवर फाइव्ह एसचा तक्ता असतो. सेइरी म्हणजे नको ते बाजूला काढणे, सेइतोन म्हणजे हवे ते जागच्या जागी लावणे, सेइसो म्हणजे झाडलोट, सेइकेत्सु म्हणजे ती रीत कायम राखणे आणि शित्सुके म्हणजे ते सगळे अंगवळणी पाडून घेणे. खेड तालुक्यातला बारावी-आयटीआय झालेला मुलगा हे शब्द ‘लाइन’, ‘शिफ्ट’, ‘ओटी’ या शब्दांइतक्याच सहज वापरतो. ते जपानी आहेत, हे त्याला बहुधा कुणी सांगितलेले नसते.

सांगायला हवे होते. कारण ‘पोका-योके’ या एका शब्दात एक अख्खा तास शिकवण्याजोगा ऐवज आहे. चूक होऊच नये अशी यंत्राची रचना करणे, म्हणजे सुटा भाग उलटा बसूच शकणार नाही असा खाचा ठेवणे, हा त्याचा अर्थ. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने ही पद्धत मांडली तेव्हा तिचे नाव ‘बाका-योके’ होते. बाका म्हणजे मूर्ख. १९६० च्या दशकात एका कारखान्यात ती लागू करताना एक कामगार बाई रडू लागली. ‘मी काय मूर्ख आहे?’ असा तिचा सवाल होता. शिंगोंनी शब्द बदलला. ‘पोका’ म्हणजे नकळत होणारी चूक. चुकणाऱ्या माणसाला नावे ठेवायची नाहीत, चुकीला वाट ठेवायची नाही, हा विचार त्या बदललेल्या शब्दात आला. यंत्र, श्रम, भाषा आणि माणसाचा मान या चारही गोष्टी इथे एकत्र भेटतात. ही गोष्ट चाकणच्या मुलाला वर्गात भेटली, तर तो रोज हाताळत असलेले काम त्याला वेगळेच दिसेल.

विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीयीकरण हा शब्द गेली काही वर्षे शैक्षणिक परिषदांत सतत ऐकू येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला बळ दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त आणि दुहेरी पदव्यांची वाट मोकळी केली आणि २०२३ च्या अखेरीस परदेशी विद्यापीठांना इथे आवार थाटण्याचे नियम आणले. जून २०२५ मध्ये मुंबईत अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतील एक डिझाइन संस्था अशा पाच संस्थांना इरादापत्रे दिली गेली. नवी मुंबईत विमानतळाजवळ शिक्षणनगरी उभारण्याचा बेत आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. पण चाकणच्या चौकात उभ्या असलेल्या मुलाचा त्या इमारतींशी संबंध कसा यायचा? त्याच्याकडे जग आधीच येऊन पोचले आहे. या लेखाला रस आहे तो त्या आलेल्या जगाशी आपल्या महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी ओळख कशी करून घ्यावी, यात.

ही ओळख करून घ्यायला उशीर झाला आहे, कारण जग इथे आले ते काही कालपरवा नव्हे. १९५४ मध्ये पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. स्थानिकांची ‘एच. ए. कंपनी’. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. युद्धातून सावरणारे जग आणि नुकताच स्वतंत्र झालेला देश यांच्यातला तो करार पुण्याबाहेरच्या एका खेड्यात प्रत्यक्षात उतरला. कंपनीची प्रयोगशाळा त्याहून मोलाची. एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ तिथे इथल्याच मातीतले सूक्ष्मजीव वेगळे काढून तपासत होते. त्यांतल्या एकाला त्यांनी नाव दिले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. त्या जीवाणूपासून बुरशीच्या संसर्गावरचे एक प्रतिजैविक निघाले. त्याचे नाव ‘हॅमायसिन’, आणि त्यातली पहिली दोन इंग्रजी अक्षरे ‘एच. ए.’चीच. जगातल्या कोणत्याही देशात सूक्ष्मजीवशास्त्राच्या सूचीत ते नाव सापडते आणि त्यात आपली पिंपरी असते.

पिंपरी-चिंचवडच्या किती महाविद्यालयांत हे सांगितले जाते? शहरात आज अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय, व्यवस्थापन अशी महाविद्यालये पावलोपावली आहेत. आकुर्डीत, किवळ्यात, मावळातल्या सात्यात नवी खासगी विद्यापीठेही आली आहेत. एखाद्याच्या तर नावातच ‘इंटरनॅशनल’ आहे. तिथल्या जीवशास्त्राच्या किंवा औषधनिर्माणाच्या पहिल्या तासाला ‘तुमच्या पायाखालच्या मातीचे नाव जगाच्या शास्त्रात आहे’ एवढे वाक्य उच्चारले गेले, तर आंतरराष्ट्रीय संशोधन म्हणजे दूर कुठेतरी चालणारी गोष्ट, हा समज तिथेच सुटेल.

एच. ए.नंतरचा इतिहास भराभर सांगता येतो. साठच्या दशकात दापोडी-चिंचवड पट्ट्यात स्वीडनच्या आणि जर्मनीच्या कंपन्या आल्या. टेल्कोने पिंपरीत पाय रोवले आणि तिच्या प्रशिक्षण विभागातून यंत्रकारांच्या पिढ्या घडल्या. नव्वदच्या दशकात त्याच टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेंझच्या गाड्या बनू लागल्या आणि २००९ मध्ये ती कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी मात्र चेक कंपनीची होती, स्कोडा फाबिया. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली. मॅटिगहोफेन या छोट्या गावातले अभियंते आणि आकुर्डीचे अभियंते यांनी मिळून केलेल्या मोटारसायकली चाकणला बनून २०११ पासून युरोपच्या रस्त्यांवर धावू लागल्या. पलीकडे तळेगावला जनरल मोटर्सने सोडलेला कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने घेतला.

युरोपातल्या तरुणाने विकत घेतलेली मोटारसायकल चाकणला जुळवली गेली, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. नवल याचे वाटते, की तिची जुळणी करणाऱ्याला ऑस्ट्रिया नकाशात दाखवण्याचे काम आपल्या शिक्षणाने कुणावर सोपवलेले नाही.

आकडे बघितले तर दोन्ही दिशांची तफावत लक्षात येते. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातले एकूण विद्यार्थी ४ कोटी ३३ लाख होते. त्यांत परदेशी विद्यार्थी ४६,८७८. म्हणजे हजारात एक. आणि त्या एकातही मोठा वाटा शेजारच्या नेपाळचा. उलट दिशेने पाहिले तर २०२४ मध्ये परदेशी शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांच्या वर गेली होती. वसतिगृहात, ग्रंथालयात, कँटीनच्या टेबलावर परका माणूस भेटण्याची शक्यता आपल्या बहुतेक मुलांना नसतेच. पुणे याला बऱ्याच अंशी अपवाद आहे आणि तो अपवाद कसा घडला, याची गोष्ट एका डब्यापासून सुरू होते.

फर्ग्युसन महाविद्यालयात डॉ. शां. ब. मुजुमदार वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एकदा त्यांना दिसले, की एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आत काहीतरी देते आहे. मुलींना तिथे मज्जाव. रेक्टर म्हणून त्यांनी चौकशी केली. आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळलेला होता आणि मुलगी त्याच्यासाठी जेवण घेऊन येत होती. हजारो मैलांवरून शिकायला आलेल्या मुलाला आजारपणात पथ्याचे दोन घास देणारे या शहरात कुणी नाही, ही गोष्ट त्यांना लागली. १९७१ मध्ये त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांना स्थानिक विद्यार्थ्यांशी आणि पुणेकरांशी जोडणारी संस्था काढली आणि तिला आपल्याच विषयातले नाव दिले: सिम्बायोसिस, सहजीवन. दोन वेगळ्या जाती एकमेकींना आधार देत जगतात, तसे. लॉ कॉलेज, व्यवस्थापन संस्था, अभिमत विद्यापीठ हे सगळे नंतरचे. आधी आली ती आपुलकी आणि तिच्या मागून वर्ग.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. परदेशी विद्यार्थी आणण्याच्या आजच्या योजनांत शुल्क, क्रमवारी, करार, जाहिरात हे सगळे असते. काविळीत खिचडी कोण करून देणार, हा प्रश्न यादीत शेवटी येतो किंवा येतच नाही. एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला चौदा दिवसांत नोंदणी करायची असते. त्यासाठी राहत्या जागेचा पुरावा लागतो, पुराव्यासाठी भाडेकरार लागतो आणि करारासाठी परक्या देशाच्या, परक्या रंगाच्या मुलाला खोली देणारा घरमालक लागतो. आफ्रिकेतून आलेल्या मुलांना इथल्या शहरांत हा शेवटचा दुवा सगळ्यांत अवघड जातो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राची खरी परीक्षा या पंधरवड्यात होते. एक माणूस सोबत पाठवणे, एक घरमालक समजावणे, एक गॅसची शेगडी मिळवून देणे, अशी ती कामे आहेत.

पुण्याला परक्यांना आपलेसे करण्याची दुसरीही एक परंपरा आहे, तिच्याविषयी कमी बोलले जाते. १९६० च्या दशकात अमेरिकन विद्यापीठांनी भारताच्या अभ्यासासाठी काढलेल्या संस्थेचे मुख्य ठाणे डेक्कन कॉलेजात होते. त्या काळापासून अमेरिकेतले तरुण पुण्यात येऊन मराठी शिकत आले आहेत. काही जण मराठी कुटुंबांत राहिले, पोळीभाजी खाल्ली, गणपतीत आरत्या म्हटल्या. मॅक्सिन बर्नसन त्यातूनच फलटणला गेल्या, तिथल्याच झाल्या, त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि मुलांना मराठी वाचायला शिकवण्यात आयुष्य घातले. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीचा अभ्यास केला, अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महानुभावांचा. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांमागे माळरानावर हिंडले, त्यांच्या तोंडून ओव्या ऐकल्या, खंडोबा समजून घेतला आणि वारीवर चित्रपटही केला. चाकणहून आळंदी डझनभर किलोमीटरवर आहे. जर्मन गाड्या यायच्या कितीतरी आधी जर्मन अभ्यासक या वाटेने चालत गेला होता आणि तो शिकायला आला होता, शिकवायला नव्हे.

त्या सगळ्यांना इथे ओढून आणणारी गोष्ट दुसरीकडे मिळणारी नव्हती. नाशिक रस्त्याने चाकणच्या पुढे गेले की याचे सर्वांत मोठे उदाहरण दिसते. राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावापाशी वळले की खोडद लागते. द्राक्षांचे मांडव, उसाचे फड आणि त्यांच्या मधून आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या लोखंडी तारांच्या प्रचंड थाळ्या. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, अशा ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. काही एका जागी दाटीने, बाकीच्या तीन भुजांवर लांब लांब. ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली ती आपल्या खिशाला परवडेल अशा बेताने. भरीव पत्र्याची थाळी वाऱ्याचा मारा खाते, तिला जाड सांगाडा लागतो आणि खर्च फुगतो. लांब लहरींसाठी भरीव पत्र्याची गरजच नसते. म्हणून त्यांनी दोरखंड ताणावेत तशा पोलादी तारा ताणून त्यांवर पातळ जाळी बसवली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च थोडा. खोडदची निवड झाली ती रेडिओ गोंगाट कमी आणि पुणे जवळ म्हणून. या दुर्बिणीचा कारभार पाहणारी संस्था, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्याच आवारात आहे.

२००२ मध्ये ही दुर्बीण जगासाठी खुली झाली. तेव्हापासून वर्षातून दोनदा देशोदेशींचे शास्त्रज्ञ ‘आम्हाला इतके तास द्या’ म्हणून अर्ज करतात. समिती अर्ज तपासते, अर्जदार कुठल्या देशाचा हे न पाहता कल्पना किती चांगली हे पाहते आणि तास वाटून देते. मागणी उपलब्ध तासांहून जास्त असते. जुन्नर तालुक्यातल्या एका गावाच्या आकाशासाठी युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांनी रांग लावावी, यापेक्षा आंतरराष्ट्रीय म्हणावे असे संशोधन महाराष्ट्रात दुसरे दाखवता येणार नाही. आणि दर फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे भरणाऱ्या प्रदर्शनात आसपासच्या गावांतली शाळकरी मुले आपापली मॉडेल्स घेऊन येतात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. इमारत आलिशान नाही, फलकावर ‘ग्लोबल’ हा शब्द ठळक नाही. जगाला हवी असलेली एक गोष्ट इथे आहे आणि ती मोकळ्या हाताने वाटली जाते.

अशा गोष्टी चाकणच्या आजूबाजूला आणखी आहेत, फक्त त्यांच्याकडे त्या नजरेने पाहायला हवे. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. भीमा नदीच्या नावाने तिथे कांद्याचे वाण निघाले: भीमा शक्ती, भीमा राज, भीमा सुपर. कांद्याचे पीक दिवसाच्या लांबीवर चालते. युरोपातले वाण लांब दिवसांचे, ते इथे लावले तर पात वाढते पण गाठ धरत नाही. त्यामुळे कमी लांबीच्या दिवसांत पिकणाऱ्या कांद्याचे ज्ञान विषुववृत्ताकडच्या सगळ्याच देशांना लागते. केनिया, टांझानिया, इथिओपियाचे कृषी विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासाला राजगुरुनगरला येऊ शकतात आणि कांदाचाळीत माल कसा टिकतो, बाजार समितीत भाव कसा फुटतो, हे चाकणच्या मार्केट यार्डात उभे राहून शिकू शकतात. शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्नची जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून आले ते याच शिवारात, आंबेठाणला. जगातल्या व्यापाराची भाषा जाणणाऱ्या या माणसाने स्वतः कोरडवाहू जमीन कसली आणि चाकणच्या कांद्याच्या भावातून शेतकऱ्यांचे आंदोलन उभे केले. त्या आंदोलनाचा अर्थशास्त्राच्या वर्गात अभ्यास व्हावा, तो करायला बाहेरचे विद्यार्थी यावेत, इतका त्यात मजकूर आहे.

मग अडते कुठे? बरेचदा वेळापत्रकात.

पुण्यात परदेशी भाषा शिकण्याची सोय जुनी आहे. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विदेशी भाषा विभाग जवळपास विद्यापीठाच्याच वयाचा. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकायला पुणेकरांच्या तीन पिढ्या तिथल्या जिन्याने चढल्या आहेत. मॅक्समुलर भवन आहे, जपानी शिकवणाऱ्या संस्था भरपूर आहेत आणि जपानी शिकणाऱ्यांचे शहर म्हणून पुण्याची देशभर ओळख आहे. पण पहिली पाळी दुपारी सुटते, दुसरी त्याच सुमारास सुरू होऊन रात्री उशिरा संपते आणि दर आठवड्याला पाळी बदलते. नाशिक फाट्यापर्यंतची कोंडी पार करून सायंकाळच्या वर्गाला फर्ग्युसन रस्त्यावर पोचणे चाकणच्या मुलाला एका आठवड्यात जमले, तरी पुढच्या आठवड्यात नाही. ‘एकच धडा आठवड्यातून दोन वेगवेगळ्या वेळांना’ शिकवणारा एक वर्ग चाकणला किंवा मोशीला निघाला, तर हा प्रश्न सुटतो. त्याला परदेशी विद्यापीठाशी करार लागत नाही. एक शिक्षक, एक खोली आणि पाळीचे वेळापत्रक समोर ठेवून आखलेला तास एवढे लागते.

जर्मनीत कारखाना आणि वर्ग यांच्यातल्या अशाच दुराव्यातून एक विद्यापीठ जन्माला आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला श्टुटगार्टच्या डायम्लर-बेंझ, बॉश अशा कंपन्यांना काळजी वाटू लागली, की हुशार मुले विद्यापीठात जातात आणि कारखान्याकडे फिरकत नाहीत. त्यांनी राज्य सरकारबरोबर एक रचना केली. विद्यार्थी कंपनीशी करार करतो, त्याला पहिल्या दिवसापासून वेतन मिळते, तीन महिने वर्गात आणि तीन महिने कारखान्यात असे चक्र तीन वर्षे चालते. १९७४ मध्ये श्टुटगार्ट आणि मानहाइमला अशा अकादमी निघाल्या आणि २००९ मध्ये त्यांचे राज्यव्यापी विद्यापीठ झाले: बाडेन-व्युर्टेम्बर्ग दुहेरी विद्यापीठ. आज सुमारे नऊ हजार कंपन्या आणि संस्था त्याच्या भागीदार आहेत. कारखान्यातला काळ तिथे शिक्षणात मोजला जातो, त्याला श्रेयांक मिळतात.

श्टुटगार्ट हे मर्सिडीजचे माहेर. त्याच मर्सिडीजने २००२ मध्ये पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाबरोबर ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्सचा पदविकोत्तर अभ्यासक्रम सुरू केला. चाकणला फोक्सवॅगनच्या अकादमीने जर्मन धाटणीचे शिकाऊ प्रशिक्षण २०११ मध्ये आणले. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशीच कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. म्हणजे धागे दोन्हीकडून येऊन पोचले आहेत. ते जुळवायचे ते विद्यापीठांनी. किवळ्याच्या सिम्बायोसिस कौशल्य विद्यापीठासारखी संस्था २०१७ पासून या पट्ट्यातच आहे, शिकाऊ उमेदवारीसह पदवीची तरतूद अनुदान आयोगाने केली आहे आणि जोडपदवीत तीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी विद्यापीठातून मिळवता येतात. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या, तर चाकणच्या लाइनवर दोन वर्षे घालवलेल्या मुलीला तिसऱ्या वर्षी श्टुटगार्टला एक सत्र आणि श्टुटगार्टच्या विद्यार्थ्याला चाकणला एक सत्र, असा व्यवहार बसतो. जर्मन विद्यार्थ्याला इथे शिकण्यासारखे काय? कमी खर्चात, कमी जागेत, तापत्या उन्हात आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर टिकणारी गाडी कशी बनवायची, हे त्याला घरी शिकता येत नाही.

हे मोठ्या खर्चाचे वाटत असेल, तर स्वीडनमधल्या माल्मोचे उदाहरण घ्यावे. कॉकम्स ही जहाजे बांधणारी कंपनी या शहराचा कणा होती. तिचे जहाजबांधणीचे काम थांबले. तिची १३८ मीटर उंच क्रेन २००२ मध्ये कोरियाच्या ह्युंदाई उद्योगसमूहातील जहाज कंपनीने एका डॉलरला घेतली आणि माल्मोकर किनाऱ्यावर उभे राहून रडले. त्याच गोदीच्या जागेवर १९९८ मध्ये विद्यापीठ सुरू झाले होते. नव्या विद्यापीठाकडे परदेशी भागीदार नव्हते, विद्यार्थी बाहेर पाठवायला जागा नव्हती. तिथले बेंग्ट निल्सन यांनी आजूबाजूला पाहिले. शहरात देशोदेशींहून आलेली माणसे होती. परदेशी जाणे शक्य नसेल तर घरबसल्या जग शिकता येईल, असे त्यांनी म्हटले आणि ‘घरचे आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना शिक्षणक्षेत्रात रुजली. माल्मोत विद्यापीठाचा एकेक विद्यार्थी स्थलांतरित घरातल्या एकेका मुलाबरोबर दर आठवड्याला दोन-तीन तास घालवतो, वर्षभर. सिनेमा, संग्रहालय, पोहणे, गप्पा. त्या मुलाला विद्यापीठ आपले वाटू लागते, विद्यार्थ्याला आपल्या शहरातले जग कळते.

चाकणला हे उद्या सुरू करता येईल. कंपन्यांत जर्मन, जपानी, कोरियन, चेक अभियंते दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर येतात. त्यांचे संसार बालेवाडी-वाकडच्या सोसायट्यांत असतात, बायकामुलांना बोलायला कुणी नसते. त्यांनी महाविद्यालयात आठवड्यातून एक तास यावे, आपल्या गावच्या कारखान्याच्या गोष्टी सांगाव्यात आणि मुलांनी त्यांना मराठी शिकवावे. भाजीवाल्याशी बोलण्यापुरते, रिक्षावाल्याला वळण सांगण्यापुरते. मराठी शिकवताना मुलांना आपल्याच भाषेचे व्याकरण पहिल्यांदा दिसते. ‘मी जातो’ आणि ‘मला जायचे आहे’ यांतला फरक कसा समजावायचा, या प्रश्नाने भल्याभल्यांना घाम फुटतो. आणि ओडिशा-बिहारहून आलेल्या कामगारांच्या खोल्या तर महाविद्यालयाच्या भिंतीला लागून आहेत. जगाची ओळख करून घ्यायची तर तीही त्याच ओळखीतली एक पायरी.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने मेलबर्न विद्यापीठाबरोबर विज्ञानाची पदवी आखली, कतारला दोह्यात २०२१ मध्ये आपले आवार उघडले. विद्यापीठ बाहेर जाऊ लागले आहे, ते चांगलेच. पण दोह्याच्या वाटेवर चाकण लागावे, अशी मनापासूनची इच्छा आहे.

जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानी भाषेची परीक्षा जगभर एकाच दिवशी होते. पुणे हे तिचे एक केंद्र आहे. सगळ्यांत खालची पायरी एन-फाइव्ह. तिला बसायचे तर शंभराच्या आसपास कांजी चिन्हे आणि आठशेच्या घरात शब्द यावे लागतात. शनिवारची दुसरी पाळी करून, रात्री बाराला खोलीवर येऊन, रविवारी सकाळी केंद्र गाठणाऱ्या मुलासाठी निदान एक जपानी शब्द तरी अभ्यास न करता पाठ असतो. गेली दोन वर्षे तो त्याच्या डोक्यावरच्या फलकावर लिहिलेला आहे, मराठीत: काइझेन.